पाण्यामिठाचा हिशेब

विंचू चावलेला माणूस बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणला की नातेवाईक आधी त्याचा पाय दाखवत. दुखणं पायात असे. मरण मात्र छातीतून येई.

महाडजवळच्या या केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. गाव त्यांचं जालना जिल्ह्यातलं देहेड, शिक्षण नागपूरचं. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, रायगड ते १९८१ मध्ये झालं. लाल विंचू इथे पेंढ्यात असतो, लाकडांच्या मोळीत असतो, जांभ्याच्या गडग्यात असतो. अनवाणी पाय आणि उघडे हात त्याला रोज भेटतात. दंशावर मांत्रिकाचा उतारा चालायचा. तो ज्यांना 'लागू पडे' त्यांच्या अंगात मुळात विष कमी गेलेलं असे. ज्यांच्या अंगात ते पुरेसं गेलेलं असे, त्यांची लक्षणं तासाभरात वेगळी दिसू लागत. उलट्या, तोंडातून लाळ, कपडे पिळून निघावेत इतका घाम, बर्फासारखे हातपाय, धावती नाडी. मग धाप आणि खोकला. शेवटी तोंडाशी गुलाबी फेस.

फेस येतो तो फुफ्फुसात पाणी भरल्यामुळे. पण त्याच माणसाच्या अंगातून उलटीवाटे आणि घामावाटे लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी निघून गेलेलं असतं. जीभ कोरडी आणि फुफ्फुसं ओली. पाणी द्यावं तर छाती भरेल, न द्यावं तर रक्तदाब कोसळेल. द्रव आणि क्षार यांच्या असंतुलनावर जाडजूड पुस्तकं आहेत, पण तो प्रश्न इतक्या उघड्या रूपात क्वचितच समोर येतो.

या विषाचा पाण्यामिठाशी संबंध आणखी खोल आहे. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांची येजा करणारी सूक्ष्म दारं असतात. मज्जातंतूतला संदेश म्हणजे ही दारं ठरावीक क्रमाने उघडणं आणि मिटणं. विंचवाच्या विषातले काही घटक सोडियमचं दार लवकर मिटू देत नाहीत, काही पोटॅशियमचं दार अडवतात. भारतीय लाल विंचवाच्या विषातून वेगळं काढलेलं 'आयबेरिओटॉक्सिन' जगभरच्या प्रयोगशाळांत पोटॅशियमची एक विशिष्ट वाट बंद करण्यासाठी वापरलं जातं. दारं अशी अडकली की मज्जातंतू थांबेनासे होतात, अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध धडपडत राहतं. ते हरलं की पाणी मागे फुफ्फुसांत तुंबतं.

खाटेशेजारची बैठक

बावस्करांच्या कामाचा पद्मश्रीपर्यंतचा प्रवास मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्यातली एक गोष्ट मात्र कमी बोलली जाते. बिरवाडीत ना अतिदक्षता विभाग होता, ना मॉनिटर. त्यांनी केलं ते असं: रुग्णाच्या खाटेशेजारी ठाण मांडलं. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचा गारवा या सगळ्यांची वेळ घालून नोंद ठेवली, रात्र रात्र. १९८२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर काय ओढवणार आहे, हे आधीच सांगणाऱ्या खुणा त्यात मांडल्या होत्या. फेस येण्याच्या कितीतरी आधी उलटी, घाम आणि गार हातपाय धोक्याचा इशारा देतात, हे त्या नोंदींतून उभं राहिलं.

रुग्णालयाच्या कामाच्या वाटणीत हे काम कोणाचं असतं? डॉक्टर फेरीला येतात, निदान करतात, औषध लिहितात आणि पुढच्या खाटेकडे जातात. दर अर्ध्या तासाने नाडी पाहून आकडा लिहिणं, घाम किती आला, उलटी कितीदा झाली, लघवी झाली का याची नोंद ठेवणं परिचारिकेकडे असतं. बिरवाडीचा शोध एका डॉक्टरने परिचारिकेचं काम मनापासून केल्यामुळे लागला, असं म्हटलं तर ते दोघांपैकी कोणालाही कमीपणा आणणारं नाही.

औषधाचा पुढचा टप्पाही हेच सांगतो. रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं गेलं. ते प्रभावी आहे, पण सलाईनमधून थेंबाथेंबाने द्यावं लागतं, उजेडापासून झाकून ठेवावं लागतं आणि रक्तदाब सतत पाहत थेंब कमीजास्त करावे लागतात. खेड्यातल्या केंद्राला ते झेपणारं नव्हतं. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी. तिचा उपयोग बावस्करांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच मांडला. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर दंशात पूर्वी शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. प्राझोसिन वेळेत मिळू लागल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

गोळी दिली की काम संपत नाही. प्राझोसिन आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. ज्याच्या अंगातलं पाणी आधीच घामाने गेलंय असा माणूस गोळीनंतर एकदम उभा राहिला तर रक्तदाब कोसळून तो खाली पडेल. म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं. लहान मूल असेल तर आईने त्याला उचलून कडेवर घ्यायचं नाही. रडणारं मूल आईला उचलू न देणं हे वॉर्डातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते सिस्टरला करावं लागतं. उलट्या आणि घामाने गेलेलं पाणी शक्यतो तोंडाने, जलसंजीवनीच्या घोटांनी भरून काढायचं. रक्तदाब, नाडी आणि श्वास पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे सहा तास दर तासाने, नंतर दर चार तासांनी पाहायचे. धाप वाढली, छातीत बुडबुड ऐकू आली, तर पाणी थांबवायचं, उशाकडची बाजू उंच करायची, प्राणवायू लावायचा आणि डॉक्टरांना हाक मारायची.

२०११ मध्ये 'बीएमजे'त हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या सत्तर रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. नुसत्या प्राझोसिनने बरं व्हायला सरासरी १७.७ तास लागले. विंचूदंशावरचं प्रतिविष जोडीला दिलं तेव्हा ८ तास. या तासांतला प्रत्येक तास कोणीतरी खाटेशेजारी मोजला होता, म्हणून आपल्याला तो आकड्यात वाचता येतो.

छत्तीस लिटर

साठ किलोच्या प्रौढ पुरुषाच्या अंगात सुमारे छत्तीस लिटर पाणी असतं. त्यातलं दोन तृतीयांश पेशींच्या आत, उरलेलं बाहेर. रक्तवाहिन्यांत धावणारं द्रव त्यात तीन लिटरच्या घरात. पेशीबाहेरच्या पाण्यात मुख्य क्षार सोडियमचा, पेशीतल्या पाण्यात पोटॅशियमचा. रक्ततपासणीच्या कागदावर सोडियमचा नेहमीचा पल्ला १३५ ते १४५ आणि पोटॅशियमचा ३.५ ते ५. पोटॅशियमचा पल्ला किती अरुंद आहे ते पाहा. तो साडेसहावर गेला की हृदयाचा ठोका बिघडण्याची भीती, अडीचवर उतरला तरी तीच भीती.

निरोगी माणसात हा तोल मूत्रपिंडं, तहान आणि दोन-तीन संप्रेरकं सांभाळतात. आजारात यांपैकी एखादं निकामी होतं. बेशुद्ध रुग्णाला तहान सांगता येत नाही, तान्ह्या बाळाला ती नेमकी सांगता येत नाही, म्हाताऱ्या माणसाला ती लागेनाशी होते. मग त्यांची तहान दुसऱ्या कोणाला तरी ओळखावी लागते.

सिस्टरच्या हाताशी त्यासाठी जे आहे ते साधंच आहे. रोज सकाळी, त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन: एका दिवसात किलोभर वाढ किंवा घट झाली तर ती चरबीची नसते, लिटरभर पाण्याची असते. पोटावरच्या कातडीची चिमूट घेऊन सोडली की ती किती वेळात सपाट होते. घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो का. मानेवरची शीर फुगलेली आहे की दिसतच नाही. आणि लघवी: प्रौढ माणसाला दर तासाला दर किलोमागे निदान अर्धा मिलिलिटर, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस. लघवीच्या पिशवीवरच्या, म्हणजे युरोबॅगवरच्या, रेघा वाचणारी परिचारिका मूत्रपिंडांचं काम चाललंय की नाही, हे रक्ताच्या तपासणीआधी सांगू शकते.

'सिस्टर, एक सलाईन लावा'

कोकणातल्या कुठल्याही दवाखान्यात हे वाक्य कानावर पडतं. मजुरीला जाणारा माणूस थकला, मुंबईहून गणपतीला आलेला चाकरमानी प्रवासाने मोडला, म्हातारीचं जेवण कमी झालं, की सलाईन. त्यात 'ताकद' असते असा विश्वास आहे आणि तो पुरवून पैसे कमावणारेही आहेत.

बाटलीत असतं काय? 'नॉर्मल सलाईन'च्या लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. जवळपास आख्ख्या दिवसाचं मीठ एका बाटलीतून थेट शिरेत. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे शंभरहून कमी कॅलरी. दोन पोळ्यांत त्याहून जास्त बळ मिळतं. ज्याला उलटी नाही आणि गिळता येतं, त्याच्या आतड्यांना पाणी शोषायची कला उत्तम अवगत असते.

पण जिथे सलाईन हवं तिथे ते जीव देतं, हेही खरं. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ बंदरात टॉमस लाटा या डॉक्टरने पटकीच्या मरणासन्न रुग्णांच्या शिरेत मीठपाणी सोडलं आणि काही जण उठून बसले. पटकीत रक्तातलं पाणी आणि क्षार निघून जातात, हे त्याआधी विल्यम ओ'शॉनेसीने तपासून दाखवलं होतं. हाच गृहस्थ पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्र पसरवण्यात त्याचं नाव झालं.

शिरेतून किती द्यायचं, ते डॉक्टर लिहितात. किती वेगाने जातंय, ते सिस्टर पाहतात. साध्या संचात बहुधा वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. अर्धा लिटर चार तासांत द्यायचं तर मिनिटाला साधारण बेचाळीस थेंब. हातातल्या घड्याळाकडे पाहत हे थेंब मोजायला पंधरा सेकंद लागतात. मोजले नाहीत आणि नळीवरचं चाक सैल राहिलं तर बाटली तासाभरात रिकामी होते. तरण्या माणसाला त्याने काही होणार नाही. कमकुवत हृदयाच्या सत्तरीतल्या माणसाच्या छातीत ते पाणी भरतं. रुग्णाने हात हलवला, दुमडला, की वेग बदलतो. 'थांबलंय वाटतं' म्हणून चाक फिरवणारा नातेवाईक प्रत्येक वॉर्डात असतो. लहान मुलांसाठी साठ थेंबांचा संच आणि रेघा असलेली छोटी नळी त्यासाठीच वापरतात. चुकलं तरी चुकीला मर्यादा राहते.

बनगावची पिंपं

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे दाटले होते आणि पटकी पसरली होती. शिरेतून द्यायचं द्रव संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण करून पिंपांत भरलं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांना ते कपाकपाने पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. शास्त्र आधी माहीत होतं: आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत शिरतात आणि पाण्याला सोबत नेतात. महालनबीसांनी दाखवलं ते असं की चमचा धरणारा हात शिकलेला असायलाच हवा असं नाही; त्याला काय, किती आणि कितीदा हे नेमकं सांगितलेलं हवं. २०२२ मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

जलसंजीवनीच्या आजच्या पाकिटात, २००२ पासूनच्या सूत्रानुसार, २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं, एक लिटर पाण्यासाठी. आशाताई घरी येऊन पाकीट देते तेव्हा तिला सगळ्यात जास्त वेळ या 'एक लिटर' शब्दांवर घालवावा लागतो. अर्ध्या पाकिटाचं ग्लासभर पाण्यात सरबत केलं तर ते जास्त खारट होतं आणि जुलाब झालेल्या बाळाच्या रक्तात सोडियम चढतं. पातळ केलं तर उपयोग होत नाही. बाळाला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्याने, सावकाश. जोडीला जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी.

दुकानात मात्र गोड पेयांच्या खोक्यांवर जलसंजीवनीची 'ओआरएस' ही अक्षरं कित्येक वर्षं मिरवत होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध प्रदीर्घ लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ती अक्षरं वापरायला मनाई केली. जुलाबात जास्त साखरेचं पेय पाजलं की साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. घेणाऱ्याने पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का, तेवढं पाहावं.

दमट उन्हाळा

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक उघड्या मैदानात उन्हात बसले होते. उष्माघाताने चौदा जणांचा जीव गेला. त्या दिवशीचा पारा विदर्भाच्या मानाने काहीच नव्हता, चाळिशीच्याही खाली होता. पण किनाऱ्यावरची हवा दमट असते, घाम येतो आणि वाळत नाही. वाळला नाही तर अंग थंड होत नाही. नुसतं पाणी आणि मीठ तेवढं जातं.

लिटरभर घामात एक ते चार ग्रॅम मीठ असतं. पेण आणि उरणच्या मिठागरांत पावसाळा संपल्यापासून मेअखेरपर्यंत राबलेल्या पिढ्यांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात, सलाईनच्या जवळपास चौपट. मूत्रपिंडं इतकं खारट पाणी निस्तरू शकत नाहीत. म्हणून होडी भरकटली तरी कोळी समुद्राचं पाणी पीत नाही. उलटी चूकही तितकीच धोक्याची आहे: दिवसभर घाम गाळून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, भ्रम होतो, फार उतरलं तर झटके येतात. उन्हात काम करणाऱ्याने पाण्यासोबत पेज, मीठ घातलेलं ताक, लिंबाचं सरबत घ्यावं, हा जुना रिवाज शरीरशास्त्राला धरून आहे.

उष्माघाताचा रुग्ण आला की मात्र पहिलं काम सलाईन नव्हे, अंग थंड करणं. कपडे सैल करायचे, अंगावर पाणी शिंपडायचं, पंखा लावायचा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या आणि तापमान पुन:पुन्हा मोजायचं. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं.

शहाळं आणि सुकट

अलिबाग, नागाव, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेतात. जुलाब, ताप, उन्हाचा त्रास यांत ते चांगलंच. पण डायलिसिसवर असलेल्या माणसासाठी ते विष ठरू शकतं. शहाळ्यात सोडियम थोडं आणि पोटॅशियम भरपूर. एका भरलेल्या शहाळ्यात मोठ्या केळ्याहून जास्त. मूत्रपिंडं निकामी झालेल्याला ते बाहेर टाकता येत नाही. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसात पाहुण्यांच्या आग्रहाने प्यायलेली दोन शहाळी हृदय थांबवू शकतात. डायलिसिस विभागातल्या सिस्टर म्हणून रुग्णाबरोबर त्याच्या सुनेलाही बसवून घेतात: भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्या, शहाळं नको, आणि दोन वेळांमध्ये वजन किती वाढलं ते आम्हाला सांगा.

सुकटीची गोष्ट मिठाची. जून-जुलैत मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि घरोघरी सुका बोंबील, सुकट, खारवलेले मासे निघतात. हृदय कमकुवत असलेल्या माणसाला डॉक्टरांनी 'मीठ कमी' सांगितलेलं असतं आणि तो प्रामाणिकपणे आमटीत वरून मीठ घेत नाही. खारवलेल्या माशात ते आधीच बसलेलं असतं. घोटे सुजतात, चपलेचा पट्टा रुततो, रात्री उशा वाढतात. 'आहारात सोडियम मर्यादित ठेवा' या छापील वाक्याने काही होत नाही. 'आजोबा, सुकं किती खाता, आणि भिजवून ते पाणी टाकता का?' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

याच्या दुसऱ्या टोकाला वेगळी म्हातारी माणसं असतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, मीठ सगळंच सोडलेलं, भूक मेलेली, वर मे महिना. सोडियम ११५ वर येतं. आजी असंबद्ध बोलू लागते, घरच्यांना ओळखत नाही, आणि घरात कुजबुज सुरू होते की बाहेरचं काहीतरी झालंय. रुग्णालयात आणल्यावर घाई करण्याचा मोह होतो. पण अनेक दिवसांत उतरलेलं सोडियम एका दिवसात आठ-दहा अंकांपेक्षा जास्त वर नेऊ नये. भराभर वाढवलं तर मेंदूतल्या तंतूंचं वेष्टण उद्ध्वस्त होतं. दोन-चार दिवसांनी बोलणं आणि गिळणं बंद पडतं. तीन टक्क्यांचं खारट सलाईन लावलेलं असेल तर सिस्टरला थेंबांचा वेग, सहा-सहा तासांच्या तपासण्या आणि अचानक वाढलेली लघवी, तिन्हींवर लक्ष ठेवावं लागतं. सगळं मंद चाललंय म्हणून नातेवाईक चिडतात. मंद चालणं हाच तिथे उपचार असतो.

पुरानंतर

जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडालं आणि तळिये गावावर दरड कोसळली. पूर ओसरला की चिखलात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू राहतात, उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातले. भातखाचरात उभ्या माणसाच्या पायाच्या भेगेतून ते शिरतात. या आजारात मूत्रपिंडं बिघडतात, पण बऱ्याच रुग्णांत एरवीपेक्षा वेगळ्या रीतीने: लघवी होत राहते आणि तिच्यावाटे पोटॅशियम निघून जातं. मूत्रपिंड बिघडलंय म्हणजे पोटॅशियम वाढलेलंच असणार, असं धरून चाललं तर चूक होते. घोणस चावलेल्याचं उलट: लघवी कमी होते, लालसर काळी दिसते, मग थांबते, आणि पोटॅशियम चढतं. दोघेही पावसाळ्यात, बहुधा शेतातूनच येतात आणि कदाचित शेजारशेजारच्या खाटांवर असतात. एकाला पोटॅशियम द्यायचं असतं, दुसऱ्याच्या अंगातलं काढायचं असतं. फरक आधी कळतो तो युरोबॅगमध्ये.

पोटॅशियम क्लोराइडच्या दहा मिलिलिटरच्या कुपीबद्दल तर प्रत्येक परिचर्या महाविद्यालयात पहिल्या वर्षापासून बजावतात. ती थेट शिरेत कधीही सोडायची नाही; सोडली तर हृदय तिथेच थांबतं. मोठ्या बाटलीत मिसळायची, बाटली उलटसुलट करून हलवायची, वर ठळक लेबल लावायचं, वेग धिमा ठेवायचा, आणि लघवी होतेय याची खात्री केल्याशिवाय सुरू करायची नाही. दिसायला ती पाण्याच्या कुपीसारखीच असते. म्हणून चांगल्या रुग्णालयांत ती इतर औषधांबरोबर ठेवत नाहीत, कुलुपात ठेवतात आणि भरताना दुसऱ्या सिस्टरला दाखवतात.

कोण मोजणार?

वॉर्डात प्रत्येक गंभीर रुग्णाच्या खाटेला एक कागद असतो. डाव्या बाजूला आत गेलेलं: सलाईन, पाणी, चहा, पेज, नळीतून दिलेलं दूध. उजव्या बाजूला बाहेर आलेलं: लघवी, उलटी, जुलाब, नळीतून निघालेला स्राव. ड्यूटी बदलताना बेरीज होते आणि 'ओव्हर' देताना ती पुढच्या सिस्टरला सांगितली जाते. हा कागद सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त दुर्लक्षितही. लघवी 'झाली' असं लिहिलेलं असतं, किती ते नसतं. मावशींनी भांडं मोजण्याआधी ओतून दिलेलं असतं. नातेवाइकाने मधल्या वेळेत पाजलेला चहा कुठेच नोंदलेला नसतो. बेरजेचे आकडे कधीकधी ड्यूटी संपताना अंदाजाने भरले जातात.

हे आळसामुळे होतं असं म्हणणं सोपं आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. सरकारी वॉर्डातली रात्रपाळी ज्याने पाहिली आहे त्याला हा निकष वाचून हसू येईल. एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असतील तर दर अर्ध्या तासाचा रक्तदाब कागदावरच राहतो. प्राझोसिनची गोळी यशस्वी झाली कारण तिच्या जोडीला खाटेशेजारी बसलेला माणूस होता. गोळी स्वस्तात मिळते. तो माणूस अर्थसंकल्पात मागावा लागतो. आपण रुग्णालयांसाठी यंत्रं मागतो, इमारती मागतो, तज्ज्ञ मागतो. परिचारिकांची रिकामी पदं भरा, अशी मागणी करणारा मोर्चा सहसा परिचारिकांचाच असतो.

पद भरलं जाईपर्यंत नातेवाइकांना बरंच काही करता येतं, आणि सिस्टरचं त्याला 'ना' नसतं. घरून एक मापाचा पेला न्यावा. रुग्णाने प्यायलेलं प्रत्येक पेलाभर पाणी वेळेसह कागदाच्या तुकड्यावर लिहावं. भांडं ओतण्याआधी विचारावं. सलाईनच्या चाकाला हात लावू नये. शहाळं, फळं, घरचा डबा देण्याआधी परवानगी घ्यावी. पाय सुजताहेत, धाप लागतेय, बोलणं बदललंय, हे सांगायला डॉक्टरांच्या फेरीची वाट पाहू नये. आणि 'सिस्टर, सलाईन कधी लावणार?' याच्याऐवजी 'सिस्टर, आज लघवी किती झाली?' असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला सिस्टर मान हलवून पुढे जातील. दुसऱ्यासाठी त्यांना खाटेजवळ थांबून कागद पाहावा लागेल, आणि तो कोरा असेल तर भरावा लागेल.